मगनवाडीची पाहणी आणि शहराचा ऊर्जा-नकाशा : वर्धा जिल्ह्याच्या संदर्भात एक ऐतिहासिक विवेचन

प्रस्तावना :

शहरातील प्रत्येक इमारत वर्षाकाठी किती ऊर्जा वापरते, हे रंगांच्या छटांनी नकाशावर दाखविण्याची पद्धत गेल्या दीड-दोन दशकांत जगातील मोठ्या शहरांत रूढ झाली आहे. न्यूयॉर्क शहराने २००९ मध्ये ‘स्थानिक कायदा ८४’ संमत करून मोठ्या इमारतींवर वार्षिक ऊर्जावापर कळविण्याचे बंधन घातले. आपल्याकडे ऊर्जा संवर्धन अधिनियम २००१, त्याखालील इमारत संहिता २००७ व निवासी इमारतींसाठीची ‘इको निवास संहिता’ २०१८ अशी वाटचाल दिसते. हा विषय अभियंत्यांचा खरा. तथापि कोणत्याही मोजदादीत काय मोजले गेले आणि काय सुटले, हा प्रश्न इतिहासाच्या अभ्यासकाचाच आहे. प्रस्तुत निबंधात वर्धा जिल्ह्याच्या आधारे त्याचा विचार केला आहे.

सेवाग्रामची कुटी आणि मगनवाडी :

महात्मा गांधी १९३६ मध्ये शेगाव येथे राहावयास आले. १९४० मध्ये या गावाचे नाव सेवाग्राम झाले. तेथील निवासाचा खर्च शंभर रुपयांच्या वर जाऊ नये आणि साहित्य व कारागीर परिसरातीलच असावेत, अशी अट त्यांनी घातल्याचे सांगितले जाते. मातीच्या जाड भिंती, बांबू, कवेलूंचे छप्पर आणि सावली धरणाऱ्या ओसऱ्या ही त्या बांधणीची अंगे होत. मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या वर जाणाऱ्या या मुलखात जाड मातीची भिंत दुपारचे ऊन आत येण्यास विलंब लावते आणि कवेलूंच्या फटींतून तापलेली हवा वर निघून जाते. यात नवे असे काही नव्हते; विदर्भातील शेतकऱ्याचे घर असेच असे. नवे होते ते हे की, घराची किंमत केवळ रुपयांत न मोजता साहित्य किती दूरून आले, यावरूनही मोजली गेली. १९७८ मध्ये सेवाग्राम येथील परिषदेत इव्हान इलिच यांनी याच कुटीवर व्याख्यान दिले, ते या दृष्टीने आजही वाचनीय आहे.

डिसेंबर १९३४ मध्ये स्थापन झालेल्या अखिल भारत ग्रामोद्योग संघाचे कार्यालय वर्ध्यातील मगनवाडीत होते आणि डॉ. जे. सी. कुमारप्पा त्याचे सूत्रधार होते. परदेशी रॉकेलऐवजी गावात गाळलेल्या तेलावर जळणारा ‘मगनदीप’ हे तेथील कामाचे एक उदाहरण होय. दिव्याचा प्रकाश किती, इतकेच पाहून हे लोक थांबत नसत. तेल कोठून आले आणि त्याचे पैसे कोठे गेले, हेही पाहत. कुमारप्पांच्या अध्यक्षतेखाली मध्यप्रांत व वऱ्हाड सरकारच्या औद्योगिक पाहणी समितीने १९३९ मध्ये दिलेल्या शिफारशी ६०६ गावांच्या पाहणीवर आधारलेल्या होत्या. कुमारप्पांचे अर्थशास्त्राचे शिक्षण न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात झाले होते. योगायोग असा की, न्यूयॉर्कच्या इमारतींचा बहुचर्चित ऊर्जा-नकाशा २०१२ मध्ये त्याच विद्यापीठातील संशोधकांनी प्रसिद्ध केला.

नकाशा : पुरावा की अनुमान?

हा २०१२ चा नकाशा बारकाईने पाहणे आवश्यक आहे. संशोधकांजवळ घरोघरच्या मीटरची आकडेवारी नव्हती. टपाल विभागानुसार एकत्रित केलेला वापर त्यांना मिळाला. निवास, कार्यालय, दुकान असा इमारतींचा उपयोग आणि त्यांचे क्षेत्रफळ यांवरून सांख्यिकी पद्धतीने तो वापर त्यांनी भूखंडांवर वाटून दिला. म्हणजे एखाद्या भूखंडावर दिसणारा गडद रंग ही तेथील नोंद नसून त्या प्रकारच्या इमारतीची सरासरी होय. संशोधकांनी ही पद्धत स्पष्ट सांगितली आहे; मात्र रंग पाहणाऱ्याला ती दिसत नाही. ताम्रपट आणि त्याची उत्तरकालीन नक्कल यांत भेद करण्यास आपण विद्यार्थ्यांना शिकवतो. तोच भेद येथेही केला पाहिजे.

वर्ध्यासारख्या शहराचा असा नकाशा करावयाचा झाल्यास अडचण आणखी मुळाशी आहे. महावितरणचे देयक ग्राहक क्रमांकावर निघते, तर नगर परिषदेचा कर मालमत्ता क्रमांकावर. एका इमारतीत अनेक मीटर असतात आणि भाडेकरू बदलला तरी जुन्याच नावाने देयक येत राहते. या दोन नोंदवह्यांची सांगड घातल्याशिवाय ‘इमारतीचा ऊर्जावापर’ हा शब्दप्रयोगच पोकळ ठरतो.

दुसरा प्रश्न अधिक गंभीर आहे. दर चौरस मीटरला वर्षाकाठी किती युनिट, हे या नकाशांचे सर्वमान्य परिमाण. या परिमाणाने पत्र्याच्या एका खोलीत पंख्यावर उन्हाळा काढणारे कुटुंब आणि जाड भिंतींच्या थंड वाड्यात राहणारे कुटुंब नकाशावर एकाच फिक्या रंगात दिसू शकते. पहिल्या घरी तो रंग अभावाचा आहे, दुसऱ्या घरी बांधणीच्या शहाणपणाचा. चुलीत जळणारी पऱ्हाटी तर कोणत्याच मीटरवर येत नाही. आपल्याकडील कूलरचेही तसेच : वातानुकूलन यंत्रापेक्षा तो वीज फार कमी घेतो, म्हणून नकाशावर गुणी ठरतो, पण टंचाईच्या दिवसांत तो पिणारे पाणी हिशेबात धरले जात नाही. अशा नकाशावरून सवलती वा दंड ठरू लागले, तर पत्र्याखालच्या कुटुंबाला मदतीची गरजच नाही, असा निष्कर्ष निघण्याचा धोका आहे.

याला उपाय नाही असे नाही. २००१ व २०११ च्या जनगणनेतील घरयादीत छप्पर, भिंत व जमीन यांचे साहित्य, प्रकाशाचे साधन, पाण्याचा स्रोत आणि स्वयंपाकाचे इंधन यांची नोंद आहे. वीज देयकांच्या जोडीला ही नोंद ठेवली, तर फिका रंग कवेलूखालचा आहे, पत्र्याखालचा आहे की स्लॅबखालचा, हे निदान वस्तीच्या पातळीवर ओळखता येते. वर्ध्याजवळील दत्तपूर येथे देवेंद्रकुमार यांनी १९७६ मध्ये स्थापन केलेल्या ग्रामोपयोगी विज्ञान केंद्राने मातीच्या शंक्वाकार कौलांची कमानदार छते विकसित केली. तशा छताखालील घरात आणि शेजारच्या स्लॅबच्या घरात एका मे महिन्याचे तापमान व मीटरचे आकडे समोरासमोर मांडणे हे जिल्ह्यातील एखाद्या महाविद्यालयालाही झेपण्याजोगे काम आहे. त्याला उपग्रह लागत नाही. दोन तापमापक, एक वही आणि घरमालकांची संमती पुरेशी आहे.