वाळूतली आठ मिनिटे

माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याने मागच्या उन्हाळ्यात मला आठेक मिनिटांचा एक चित्रप्रयोग त्याच्या मोबाइलवर दाखविला. प्रयोग २००९ सालचा, युक्रेनमधील दूरचित्रवाणीच्या एका कलागुणस्पर्धेतला. करणारी मुलगी चोवीस वर्षांची, क्सेनिया सिमोनोव्हा. काळ्या समुद्राकाठच्या क्रिमियातील येव्हपातोरिया या गावची. ती स्पर्धा तिने जिंकली. बक्षीस दहा लाख रिव्निया. पण बक्षिसाची गोष्ट राहू द्या.

साहित्य म्हणाल तर खालून दिवा लावलेली काच आणि मूठभर वाळू. दाट पसरली की अंधार, बोट फिरले की उजेड. आपल्या बायका रांगोळी काढतात ती चिमटीतून सोडून; इथे अर्धे काम काढून टाकण्याचे. ही कला काही तिने शोधलेली नव्हे. कॅरोलिन लीफ हिने १९६० नंतरच्या दशकात वाळूतून चित्रपट केला होता, आणि हंगेरीचे फेरेन्त्स त्साको प्रेक्षकांसमोर असे प्रयोग करीत आले आहेत. सिमोनोव्हाने तिला आपल्या आज्याआजोबांच्या पिढीचे युद्ध दिले.

चांदण्या रात्री बाकावर एक जोडपे बसले आहे. विमाने येतात आणि ते चित्र विस्कटते. मग एका बाईचा रडवेला चेहरा; मूल येते, ती हसते. पुन्हा वाळूचा लोट, पुन्हा युद्ध. तरुण स्त्रीचा चेहरा बघता बघता म्हातारा होतो, आणि त्या सुरकुत्यांतूनच अनाम सैनिकाचे स्मारक उभे राहते. सभागृहातल्या कित्येकांचे डोळे वाहत होते.

का वाहावेत? मी कादंबऱ्या लिहितो. माणूस मारायला मला चाळीस पाने लागतात आणि तरी वाचक रडेलच असे नाही. मला वाटते, रडू येते ते चित्र पाहून नव्हे, पुसणे पाहून. वाळू तीच असते. बाकावरच्या जोडप्याचे कण पुढे विधवेच्या चेहऱ्यात येतात, तिचे कण स्मारकात जातात. इतिहास शिकविताना मी फळ्यावर १९३९ ते १९४५ असे लिहितो आणि तास संपला की डस्टर फिरवतो. त्या फिरवण्याचे मला आजवर काही वाटले नव्हते.

दुसरी गोष्ट अशी की तिच्या वाळूत नाव कुणाचेच नाही. सोव्हिएत संघाची त्या युद्धातील मनुष्यहानी सुमारे २ कोटी ७० लाख. या आकड्यापुढे मन बधिर होते. पण बाकावर बसलेल्या बिननावाच्या माणसाच्या जागी प्रत्येकाला आपल्या घरातले माणूस बसविता येते.

हे तिचे सामर्थ्य खरे. पण इतिहासाचा मास्तर म्हणून मला इथेच अडखळायला होते. तिच्याच गावाचे घ्या. ५ जानेवारी १९४२ रोजी पहाटे सोव्हिएत नौसैनिक येव्हपातोरियाच्या किनाऱ्यावर उतरले. समुद्र खवळल्यामुळे मागून कुमक येऊ शकली नाही. तुकडी जवळजवळ सगळी कापली गेली. त्यानंतर जर्मनांनी सूड म्हणून गावातले हजाराहून अधिक रहिवासी गोळ्या घालून मारले. एप्रिल १९४४ मध्ये गाव मुक्त झाले. आणि पुढच्याच महिन्यात, १८ मे १९४४ पासून, स्टालिनच्या सरकारने क्रिमियातील तातार लोकांना, जर्मनांना फितूर झाल्याचा ठपका ठेवून, मालगाड्यांत कोंबून मध्य आशियात हद्दपार केले. दोन लाखांच्या आसपास माणसे, बहुतेक बायका, मुले, म्हातारे. त्यांचे तरुण त्या वेळी लाल सेनेत लढत होते! काचेवर हे नाही. तिने ते दाखवायला हवे होते असे माझे म्हणणे नाही. आठ मिनिटांत किती मावणार? पण नावे गाळलेल्या स्मृतीत जो तो आपली माणसे बसवितो, शेजाऱ्याची बसवीलच असे नाही. अनाम सैनिकाच्या स्मारकाआड सरकारांना पुष्कळ काही लपविता येते.

तो प्रयोग झाला तेव्हा क्रिमिया युक्रेनमध्ये होता. २०१४ साली रशियाने तो बळकावला. २४ फेब्रुवारी २०२२ पासून तर युक्रेनच्या साऱ्या मुलुखावर बॉम्ब पडू लागले. टाकणाऱ्यांचे आणि झेलणाऱ्यांचे आजे-पणजे १९४१ साली एकाच सैन्यात होते.

शेवटचे चित्र मी दोनदा लावायला सांगितले. घराची खिडकी आहे, आपण आतून बाहेर पाहतो आहोत. आई आणि मूल खिडकीशी. बाहेर एक पुरुष काचेला दोन्ही तळवे टेकून उभा. आणि ‘तू सदैव जवळ आहेस’ अशा अर्थाचे शब्द.

“सर, हा परत आलाय की निरोप घेतोय?” विद्यार्थ्याने विचारले.

मला सांगता आले नाही. मी म्हटले, पुन्हा एकदा लाव.