खुर्चीमागचा दर

टोरंटोतल्या चित्रपटगृहात आपण ज्या खुर्चीवर बसतो, तिच्यामागे चित्रपटगृहाचा मालक दरवर्षी एक ठरावीक रक्कम भरतो. ती वीजबिलाची नाही, पालिकेच्या करातलीही नाही. पडद्यावर जे संगीत वाजतं, ते रचणाऱ्यांचा तो वाटा. वर्षभरात एका खुर्चीमागे एका तिकिटाच्या किमतीइतकेही पैसे होत नाहीत. खेळ हाउसफुल्ल गेला की निम्मा हॉल ओस पडला, चित्रपटात बारा गाणी होती की नुसतं पार्श्वसंगीत, याने आकडा बदलत नाही. खुर्च्या मोजायच्या, दराने गुणायचं आणि पैसे 'सोकॅन'कडे पाठवायचे. सोकॅन ही कॅनडातल्या संगीतकार, गीतकार आणि संगीत-प्रकाशकांची संस्था. तिच्या दरपत्रकात चित्रपटगृहांसाठीच्या या कलमाचं नाव 'टॅरिफ 6'.

संगीत मोजायचं तर मिनिटांनी मोजावं, गाण्यांनी मोजावं. खुर्च्यांनी का? या प्रश्नाचं उत्तर मूकपटाच्या काळात सापडतं, आणि त्याच्याही आधी पॅरिसच्या एका कॅफेत.

1847 साली एर्नेस्त बूर्जे नावाचा गीतकार आपल्या संगीतकार मित्रांबरोबर तिथल्या 'लेझांबासादर' या कॅफेत बसला होता. समोर त्यांचंच गाणं वाजत होतं आणि कॅफेवाल्याने त्याबद्दल छदामही दिलेला नव्हता. मंडळींनी प्यायलेल्या साखरपाण्याचे पैसे द्यायला नकार दिला. तुम्ही आमचं गाणं फुकट वापरता, तर आम्ही तुमचं पेय फुकट पिणार. प्रकरण कोर्टात गेलं, निकाल गाणं करणाऱ्यांच्या बाजूने लागला, आणि त्यातूनच 1851 मध्ये 'सासेम' ही संस्था उभी राहिली. एकट्या माणसाला गावोगावच्या कॅफेंवर नजर ठेवता येत नाही, म्हणून सगळ्यांनी मिळून एकच वसुलीदार नेमायचा, ही कल्पना तिथली. इंग्लंडमध्ये अशी संस्था 1914 मध्ये निघाली, आणि तिचीच शाखा म्हणून 1925 मध्ये 'कॅनेडियन परफॉर्मिंग राइट सोसायटी' स्थापन झाली.

तेव्हा चित्रपट मुके होते, चित्रपटगृहं मात्र मुकी नव्हती. मोठ्या थिएटरात पडद्यापुढे अख्खा वाद्यवृंद बसायचा, लहान गावात एखादा पियानोवादक. आपल्याकडे मुंबईतही मूकपटाबरोबर पेटी-तबला वाजत असे. वादकाने प्रसंग पाहून हाताशी असेल ते वाजवायचं: पाठलाग आला की एक चाल, प्रेमिकांची भेट झाली की दुसरी. कोणत्या रात्री कोणाची किती गाणी वाजली, हे लिहून ठेवणं कोणालाच शक्य नव्हतं. म्हणून वसुलीदारांनी मोजता येईल अशी एकच गोष्ट धरली. अमेरिकेतली 'अ‍ॅस्कॅप' ही संस्था वर्षाला खुर्चीमागे 10 सेंट घेऊ लागली. कॅनडातही माप तेच आलं. जितक्या खुर्च्या, तितके कान.

थिएटरवाले सहजी पैसे द्यायला तयार नव्हते. कॅनडात चित्रपटगृहांची सगळ्यात मोठी साखळी 'फेमस प्लेअर्स'ची होती. सोसायटीने तिच्यावर दावा लावला, तो 1929 मध्ये लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलपर्यंत, म्हणजे तेव्हाच्या शेवटच्या अपील न्यायालयापर्यंत गेला आणि सोसायटी हरली. हरण्याचं कारण संगीताशी जराही संबंधित नव्हतं: गाण्यांचे हक्क सोसायटीकडे आले होते, पण त्या हस्तांतराची सरकारदरबारी नोंद झाली नव्हती. एका नोंदीपायी रचनाकारांच्या तोंडचा घास गेला, हे वाचताना आजही चुटपुट लागते. नोंदणीची ही अट पुढे 1931 मध्ये शिथिल झाली.

थिएटरवाल्यांची तक्रार मात्र सगळीच खोटी नव्हती. सगळं संगीत एकाच संस्थेच्या मुठीत असेल आणि ती मागेल तो दर द्यावा लागणार असेल, तर दाद कोणाकडे मागायची? 1935 मध्ये न्यायाधीश जेम्स पार्कर यांनी सरकारच्या वतीने चौकशी केली आणि पुढच्याच वर्षी 'कॉपीराइट अपील बोर्ड' नेमलं गेलं. संस्थेने आपले दर आधी जाहीर करायचे, ते 'कॅनडा गॅझेट'मध्ये छापायचे, ज्याला आक्षेप असेल त्याने तो घ्यायचा, आणि शेवटचा आकडा बोर्डाने ठरवायचा. थिएटरवाल्यांच्या संघटनांना एक कायमचा बाक मिळाला, संगीतकारांनाही. या गोष्टीतली सगळ्यात शहाणपणाची पायरी मला हीच वाटते. 'टॅरिफ' हा शब्दही मुळात अरबी 'तअरीफ'वरून, म्हणजे 'जाहीर करणे, कळवणे' या अर्थावरून, इटलीमार्गे युरोपात गेला. आपली 'तारीफ' त्याच शब्दाची लेक. दर चारचौघांत सांगून मगच घ्यायचा, हा मूळ अर्थ कॅनडाने शब्दशः पाळला.

तोवर बोलपट आलेले होते. पडद्यापुढचे वादक घरी गेले आणि संगीत फिल्मच्या पट्टीवरच उमटून येऊ लागलं. आता थिएटरात वाजवणारं कोणी नव्हतं, फक्त प्रोजेक्टर चालत होता. मग खुर्चीमागचा दर कशासाठी? निर्मात्याने संगीत चित्रपटात घालण्याची परवानगी आधीच विकत घेतली आहे, आम्ही पुन्हा का द्यावं, असं थिएटरवाले म्हणू लागले. अमेरिकेत त्यांचं म्हणणं जिंकलं. 1948 मध्ये न्यूयॉर्कच्या न्यायाधीश लायबेल यांनी 'अ‍ॅल्डन-रोशेल' खटल्यात अ‍ॅस्कॅपची ही वसुली मक्तेदारीविरोधी कायद्याखाली बंद केली. तेव्हापासून अमेरिकेतल्या चित्रपटगृहांकडून संगीतकाराला काहीच मिळत नाही. जे मिळायचं ते निर्मात्याकडून, एकदाच.

कॅनडात मक्तेदारीच्या दुखण्यावर बोर्डाचा इलाज आधीच सुरू होता, त्यामुळे हक्काचा अवयव कापून टाकायची वेळ आली नाही. परिणाम पाहायचा तर डेट्रॉइट नदीच्या काठावर उभं राहावं. अलीकडे अमेरिकेतलं डेट्रॉइट, पलीकडे कॅनडातलं विंडसर. टोरंटोत जन्मलेल्या हॉवर्ड शोर यांचं संगीत असलेला एकच चित्रपट दोन्ही काठांवर लागतो. विंडसरच्या खुर्च्या संगीताचं देणं लागतात. डेट्रॉइटच्या लागत नाहीत.

दर घेणाऱ्या संस्थांची नावं मधल्या काळात बदलत गेली. जुनी सोसायटी चाळिशीच्या दशकात 'कॅपॅक' झाली. 1940 मध्ये निघालेली 'बीएमआय कॅनडा' ही दुसरी संस्था पुढे 'प्रो कॅनडा' झाली. 1990 मध्ये दोघी एकत्र आल्या आणि सोकॅन जन्मली. अपील बोर्डाची जागा त्याच्या एक वर्ष आधी 'कॉपीराइट बोर्डा'ने घेतली होती.

खुर्चीवर दुसरा हक्क सांगणारे आले ते या शतकात. 'री:साउंड' ही संस्था गायक-वादक आणि ध्वनिमुद्रण कंपन्यांची. चाल रचणाऱ्याला खुर्चीमागे पैसे मिळतात, तर ती गाणाऱ्याला आणि वाजवणाऱ्याला का नाहीत, असं तिचं म्हणणं. समोर उभी राहिली थिएटरवाल्यांची देशव्यापी संघटना. बोर्डाने री:साउंडला नकार दिला, अपिलातही तेच झालं, आणि 12 जुलै 2012 रोजी कॅनडाच्या सर्वोच्च न्यायालयाने एकमताने तो नकार कायम ठेवला. सगळा वाद कायद्यातल्या एका व्याख्येवर अडला होता: चित्रपटासोबत वाजणारा ध्वनिपट 'ध्वनिमुद्रण' या शब्दात धरलेला नाही. तेच गाणं सीडीवर वाजलं तर ते ध्वनिमुद्रण, चित्रासोबत वाजलं की नाही. कायद्याचा अर्थ न्यायालयाने बरोबर लावला असेल, पण ज्या हाताच्या सारंगीने प्रसंग उभा राहतो त्या हाताचा खुर्चीवर काहीच हक्क नाही, हे मला पटत नाही.

योगायोग असा, की त्याच उन्हाळ्यात, 21 जून 2012 रोजी भारतात कॉपीराइट कायद्यातली दुरुस्ती अमलात आली. गीतकार-संगीतकारांच्या मुंबईतल्या 'आयपीआरएस' या संस्थेने चित्रपटगृहांकडून दर मागितला होता, तेव्हा चित्रपट-व्यावसायिकांच्या संघटनेविरुद्धच्या खटल्यात 1977 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तिला नाही म्हटलं होतं. नव्या दुरुस्तीने गीतकार-संगीतकारांचा रॉयल्टीचा हक्क निर्मात्याला लिहून घेता येणार नाही असा पक्का केला. अपवाद एकच ठेवला: चित्रपटगृहात चित्रपटासोबत वाजणारं संगीत. म्हणजे आपल्या खुर्च्या डेट्रॉइटच्या रांगेतल्या.

कॅनडात जमलेले पैसे वाटले कसे जातात, तिथे मूकपटाची आणखी एक खूण सापडते. 1909 पासून एडिसनची कंपनी आपल्या पत्रिकेत, कोणत्या प्रसंगाला काय वाजवावं याच्या याद्या छापत असे. पियानोवादक ती यादी समोर ठेवून वाजवायचा. पुढे तिचं नाव 'क्यू शीट' पडलं. वादक गेले, पण कागद राहिला. आज तो कोणाला काही वाजवायला सांगत नाही. कोणती रचना, कोणाची, प्रकाशक कोण, पार्श्वभूमीला वाजली की कोणी पडद्यावर गायली, किती मिनिटं आणि किती सेकंद, हे त्यात भरायचं असतं आणि भरायचं काम निर्मात्याच्या कचेरीचं. ओंटारियोत एखादा मराठी चित्रपट लागला, तरी खुर्च्यांचा दर सुटत नाही. पण वाटणीच्या यादीत त्या चित्रपटाचं नाव आलं आणि आतलं संगीत कोणाचं हे पुण्या-मुंबईहून कोणी लिहूनच पाठवलं नसेल, तर त्या खुर्च्यांचे पैसे द्यायचे कोणाला, हे तिकडच्या माणसाला कळायला मार्ग नसतो.