घाट, जोतें आणि बंधारा : पंचगंगेकांठच्या कांहीं शब्दांची ओळख

गांवाचा इतिहास जसा दप्तरांत सांपडतो, तसाच तो गवंड्याच्या व पाथरवटाच्या तोंडच्या शब्दांतहि सांपडतो. कोल्हापूर हें पंचगंगेच्या कांठीं वसलेलें नगर. कासारी, कुंभी, तुळशी व भोगावती या नद्या आणि लोकश्रद्धेप्रमाणें गुप्त असलेली सरस्वती यांच्या संगमानें ही नदी प्रयाग चिखली येथें बनते. पाण्याशीं कसें वागावें हें येथील कारागिरांस शिकावेंच लागलें. आणि जें ते शिकले, तें त्यांच्या शब्दांत सांठलेलें आहे. त्यांपैकीं थोडे शब्द आम्ही वाचकांपुढें ठेवीत आहों.

प्रथम 'घाट' घेऊं. आंबा घाट व फोंडा घाट हे घाटच, आणि पंचगंगेवरील दगडी पायऱ्या याहि घाटच. डोंगराची वाट असो वा नदीची, उंचावरून खालीं सुखरूप उतरणें हेंच दोहोंचें प्रयोजन. नदीच्या घाटाची पायरी पाण्याखालीं जाण्यासाठींच बांधलेली असते. उन्हाळ्यांत पाणी ओसरलें तरी पावलास तें गांठतां येतें, आणि पावसाळ्यांत एकेक पायरी बुडत जाते. समुद्रकांठचा 'धक्का' याहून निराळा. मुंबईचा भाऊचा धक्का सर्वांस ठाऊक आहे. धक्क्याची कड उभी असते, कारण तेथें होडीनें थेट भिंतीस लागावयाचें असतें.

आतां घराकडे वळूं. 'पाया' व 'जोतें' हे शब्द पुष्कळ लोक एकाच अर्थानें वापरतात. पाया जमिनीखालीं असून घराचें ओझें वाहतो; जोतें जमिनीच्या वर असून ओलीपासून घर राखतें. घडीव दगड तो 'चिरा'. दोन चिऱ्यांमधील सांधा ती 'दर्ज'. पूर्वीं घाणींत मळलेल्या चुन्यानें दर्जा भरीत. दर्ज उघडी पडली कीं तींत पाणी शिरतें, पाठोपाठ पिंपळाचें मूळ शिरतें, आणि तटासारखी भिंतहि फुटते. दोरीस वजन बांधून भिंत सरळ उभी आहे कीं नाहीं हें पाहण्याचें साधन तो 'ओळंबा'.

सर्वांत महत्त्वाचा भेद 'धरण' व 'बंधारा' यांचा. धरण पाणी वर्षभरासाठीं सांठवितें, आणि जादा झालेलें पाणी 'सांडव्या'वाटे सोडून देतें. राजर्षि शाहू महाराजांनीं भोगावतीवर आरंभिलेल्या राधानगरी धरणास आपोआप उघडणारे ७ दरवाजे आहेत. बंधारा मात्र ठेंगणा असतो. ज्या पद्धतीस कोल्हापूरचें नांव मिळालें आहे, त्या बंधाऱ्यांत दगडी खांब उभारून त्यांना खांचा ठेवितात. पावसाळा सरला कीं खांचांत लांकडी फळ्यांच्या दोन रांगा बसवून मध्यें माती ठांसतात. या फळ्यांस 'बरगे' म्हणतात; अलीकडे ते लोखंडाचेहि असतात. पावसाळ्यापूर्वीं बरगे काढावयाचे, म्हणजे पुराचें पाणी गाळासह मोकळें निघून जातें.

म्हणूनच पावसाळ्यांत अमुक बंधारा पाण्याखालीं गेला असें ऐकून परगांवचा मनुष्य घाबरतो, पण जाणत्यास ठाऊक असतें कीं बंधारा बुडण्यासाठींच बांधलेला आहे. त्यावरून जाणारी वाट तेवढी बंद होते. जाणता मनुष्य पाहतो तो कसबा बावड्यानजीकच्या राजाराम बंधाऱ्याजवळील पाण्याचा आंकडा : ३९ फूट ही इशाऱ्याची पातळी, ४३ फूट ही धोक्याची. २००५, २०१९ व २०२१ या सालीं पुरानें ही धोक्याची पातळी ओलांडून नगरांत प्रवेश केला, हें आपण सर्वांनीं पाहिलें आहे.

बंधाऱ्यास जो धरण समजतो, तो पुराला अडविण्याची आशा त्याजकडून धरतो. घाटाची पायरी जो शोभेची मानतो, तो तिच्याशेजारीं निःशंकपणें घर बांधतो, आणि जोत्याचा अर्थ विसरलेला मनुष्य तें घर रस्त्याच्या बरोबरीनें उठवितो. शब्द विसरल्याची किंमत अशी घरादारांत मोजावी लागते. आमच्या घरांतील वडील मंडळींनीं एखाद्या सायंकाळीं मुलांस घाटावर न्यावें, दगडावर उमटलेली पुराची खूण दाखवावी, आणि ज्या त्या वस्तूचें नांव तिच्या कामासह सांगावें, एवढीच आमची विनंती आहे.