गुरुवर्य आचरेकर : एक स्मरण

व्हाइटफील्डच्या आमच्या वसाहतीत संध्याकाळी मोटारींच्या मधून मुले क्रिकेट खेळताना दिसली, की आम्हांस रमाकांत आचरेकरांची आठवण होते. १९३२ साली मालवणात जन्मलेले हे गृहस्थ स्टेट बँकेत नोकरीस होते. आम्हां नोकरदारांपैकीच एक म्हणा ना! प्रथम श्रेणीचा एकच सामना त्यांच्या नावावर आहे, १९६३-६४च्या हंगामातील. परंतु नोकरी व संसार सांभाळून दादरच्या शिवाजी पार्कवर त्यांनी परक्यांची मुले ज्या मायेने आणि धाकाने घडविली, त्याचा हिशेब कोणत्या धावफलकात मांडावा?

यष्टीवर ते एक रुपयाचे नाणे ठेवीत. बाद करील त्या गोलंदाजाचे ते नाणे. अखेरपर्यंत टिकला तर फलंदाजाचे. सचिन तेंडुलकरने अशी तेरा नाणी जपून ठेविली. एका मैदानावरून दुसऱ्या मैदानावर खेळावयास ते त्याला आपल्या स्कूटरवरून नेत. शाबासकी मात्र दुर्मीळ! चंद्रकांत पंडित, प्रवीण अमरे, विनोद कांबळी हेही त्यांचेच शिष्य. १९९० साली द्रोणाचार्य पुरस्कार, २०१० साली पद्मश्री लाभली; २ जानेवारी २०१९ रोजी ते निवर्तले. डिसेंबर २०२४मध्ये शिवाजी पार्कवर त्यांचे स्मारक उभे राहिले.

आम्ही कचेरीतून सुटलो, की थेट घर गाठतो. येथील वाहतुकीला दोष देण्याची सोयही आहेच. मागे शेजारच्या मुलाने, "काका, पंच व्हाल का?" असे विचारले होते. आम्ही कामाची सबब सांगितली. तो पुन्हा विचारावयास आला नाही.