जहाजांची रंगीत तालीम

बंदराची किंवा कालव्याची वाट किती खोल व किती रुंद असावी, हा प्रश्न वरवर पाहतां केवळ मोजमापाचा वाटतो. जहाजाची रुंदी घ्यावी, तें पाण्यांत किती बुडतें तें पाहावें आणि त्याहून थोडें अधिक खणावें, कीं झालें! परंतु सुएझचा इतिहास आम्हांस निराळेंच सांगतो.

१८६९ सालीं हा कालवा खुला झाला, तेव्हां त्याची खोली सुमारें ८ मीटर व तळाची रुंदी २२ मीटर होती. पुढें १८७० ते १८८४ या अवधींत, वाट अरुंद व वळणावळणाची असल्यामुळें, सुमारें ३००० वेळां जहाजें रुतलीं. १८७६ पासून मोठ्या सुधारणा सुरू झाल्या खऱ्या. पण वाट कोठें अपुरी आहे, हा धडा रुतलेल्या जहाजांनींच दिला होता.

याचें कारण असें कीं, अरुंद पाण्यांत जहाज मोकळ्या समुद्रांतल्याप्रमाणें वागत नाहीं. वेग वाढला कीं तें अधिक खालीं बसतें. काठाजवळ गेलें कीं त्या बाजूच्या पाण्याचा दाब घटून पिछाडी काठाकडे ओढली जाते आणि पुढचें टोक उलट दिशेस वळतें. अशा क्षणीं सारें काहीं पायलटच्या हुकुमावर अवलंबून असतें.

विल्यम फ्रूड यांनीं १८७२ च्या सुमारास इंग्लंडांत टॉर्की येथें हौदांत लहान प्रतिकृति ओढून पाण्याचा विरोध मोजला. तथापि ओढल्या जाणाऱ्या प्रतिकृतींत हुकूम देणारा मनुष्य नसतो. ही उणीव विसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत सिम्युलेटरनें भरून काढली. अमेरिकेंत व्हिक्सबर्ग येथील लष्करी अभियंत्यांच्या प्रयोगशाळेनें बंदरांचे आराखडे त्यावर पारखले. नकली नियंत्रणकक्षांत खरा पायलट उभा राहतो. पडद्यावर अद्याप न खणलेली वाट दिसते. वारा, प्रवाह व काठाची ओढ यांचा हिशेब संगणक करतो. जहाज वळणावर वारंवार भरकटलें, तर तेथें रुंदी वाढवावी. सरळ भागांत तें निर्धोक गेलें, तर तेथील खोदाईचा खर्च वांचवावा.

२३ मार्च २०२१ रोजीं ४०० मीटर लांबीचें ‘एव्हर गिव्हन’ जोराच्या वाऱ्यांत सुएझच्या दक्षिण भागांत आडवें अडकलें आणि सहा दिवस वाट बंद राहिली. मग दक्षिण भाग ४० मीटरनीं रुंद व ६६ फुटांवरून ७२ फूट खोल करण्याचें ठरलें. दीडशें वर्षांनंतरही धडा जहाजानेंच दिला!

सिम्युलेटर हा ज्योतिषी नव्हे; त्यांत जें घालावें तेंच तो जाणतो. परंतु ज्या चुकीची किंमत पूर्वीं जहाजानें मोजावी लागे, ती येथें एका दुपारीं दहा वेळां करून पाहतां येते. आमच्या मतें त्याचें खरें मोल एवढेंच आहे, आणि तें थोडें नाहीं.