संगणकशास्त्र कोणाच्या घरी जन्मले?

बारावीच्या वर्गात एखादा विद्यार्थी हमखास विचारतो, "सर, संगणकशास्त्र शिकायला परदेशात कोणते विद्यापीठ सर्वांत चांगले?" आपली उत्तरेही ठरलेली असतात : केंब्रिज, एमआयटी, स्टॅनफर्ड, कार्नेगी मेलन. नावे चुकीची नाहीत. पण एका दमात घेतली की ती एकसारखीच वाटू लागतात. प्रत्यक्षात हा विषय या ठिकाणी वेगवेगळ्या घरांत जन्मला. घरच्यांना कर्जात टाकून जाणाऱ्या मुलाला ही हकीकत माहीत असलेली बरी.

केंब्रिजपासून सुरुवात करू. तेथे १९३७ साली गणितीय प्रयोगशाळा स्थापन झाली. इतर शास्त्रज्ञांना आकडेमोडीत मदत करणे हे तिचे काम. मॉरिस विल्क्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बांधलेल्या 'एडसॅक' यंत्राने ६ मे १९४९ रोजी पहिला हिशेब केला. तो होता वर्गसंख्यांचा तक्ता! पुढे जॉन केंड्र्यू यांनी मायोग्लोबिन या प्रथिनाची रचना शोधताना हेच यंत्र वापरले. १९५३ साली येथे पदविका अभ्यासक्रम सुरू झाला. त्याचे नाव होते 'संख्यात्मक विश्लेषण आणि स्वयंचलित गणन'. म्हणजे गणित आधी, यंत्र नंतर.

एमआयटीत हा विषय विद्युत अभियांत्रिकीच्या घरी वाढला. तेथील 'व्हर्लविंड' यंत्राची कल्पना वैमानिकांच्या प्रशिक्षणातून निघाली. वैमानिकाने दांडा हलवला की यंत्राने उत्तर तत्काळ द्यायला हवे. उद्या देऊन काय उपयोग? या गरजेतून १९५३ साली चुंबकीय कड्यांची वेगवान स्मृती त्या यंत्राला जोडली गेली. विभागाच्या नावात 'संगणकशास्त्र' हा शब्द मात्र १९७५ साली आला, तोही विद्युत अभियांत्रिकीच्या जोडीने.

स्टॅनफर्डमध्ये जॉर्ज फोर्साइथ हे गणिती. त्यांच्या प्रयत्नांनी गणित विभागातून १९६५ साली स्वतंत्र संगणकशास्त्र विभाग निघाला. त्याच वर्षी कार्नेगीतही असा विभाग झाला. पण तेथील एक प्रमुख संस्थापक हर्बर्ट सायमन मूळचे प्रशासनाचे अभ्यासक! माणूस निर्णय कसा घेतो, हा त्यांचा प्रश्न. म्हणून 'यंत्र विचार करील का?' याचा शोध तेथे सुरुवातीपासून चालला. आंध्रातील काटूर गावचे राज रेड्डी स्टॅनफर्डमधून १९६६ साली पीएच.डी. झाले आणि १९६९ साली कार्नेगीत गेले. यंत्राला माणसाचे बोलणे समजावे, यासाठी त्यांनी तेथे अनेक वर्षे काम केले. १९९४ साली त्यांना ट्यूरिंग पुरस्कार मिळाला.

मग मोठे नाव पाहून जावे की काय? येथे एक गोष्ट ध्यानात घेण्याजोगी आहे. स्टीफन कुक हे तरुण संशोधक बर्कलीच्या गणित विभागात शिकवत. विभागाने त्यांना कायम केले नाही. १९७० साली ते कॅनडातील टोरांटो विद्यापीठात गेले आणि पुढच्याच वर्षी त्यांनी एक निबंध वाचला. ज्या कोड्याचे उत्तर तपासणे सोपे, त्याचे उत्तर शोधणेही सोपे असते का? या प्रश्नाला त्यांनी नेमके रूप दिले. तो आजही सुटलेला नाही. त्या वर्षी या विषयासाठी योग्य गाव टोरांटो होते!

अर्थात बर्कलीचे दिवस संपले नव्हते. तेथील रिचर्ड कार्प यांनी १९७२ साली कुक यांचा धागा पुढे नेला. पवईच्या आयआयटीत शिकलेले नरेंद्र करमरकर त्यांच्याकडेच पीएच.डी.साठी गेले. १९८४ साली करमरकरांनी रेषीय नियोजनाची नवी, वेगवान रीत मांडली. त्यांच्या कामाचा पाया समजून घ्यायचा असेल, तर बर्कली या नावाइतकेच कार्प हे नावही महत्त्वाचे ठरते.

तेव्हा पुढच्या वेळी तो प्रश्न आला की आपण उलट विचारू : "तुला काय आवडते? सिद्धता, यंत्र, की माणसाचे मन?" मग त्याला विभागाचा अभ्यासक्रम आणि शिक्षकांची यादी वाचायला लावू. पहिल्या दोन वर्षांत गणित किती, प्रयोगशाळा किती, आणि शिकवणार कोण, एवढे त्याने वहीत मांडावे. क्रमवारीची यादी त्यानंतर उघडली तरी चालेल.