नालासोपाऱ्यातील पदवीधर: स्थलांतर आणि स्थानिक शिक्षण

एखाद्या प्रदेशातील पदवीधरांची संख्या हेच तेथील शिक्षणव्यवस्थेचे माप समजण्याचा प्रघात आहे. नालासोपाऱ्यापुरता तो फसवा ठरतो. जनगणना व्यक्तीची शैक्षणिक पातळी तिच्या राहत्या ठिकाणी नोंदविते. पदवी कोठे मिळविली, हे ती विचारीत नाही.

सोपारा म्हणजे प्राचीन शूर्पारक. १८८२ साली भगवानलाल इंद्रजी यांनी तेथील स्तूप उकरला आणि अशोकाच्या आठव्या शिलालेखाचा तुकडाही उजेडात आणला. तथापि या कीर्तीशी आजच्या उच्चशिक्षणाचा धागा जोडणे हौशीपणाचे होईल. हा धागा सुरू होतो तो लोहमार्गापासून. १८६७ साली विरारहून मुंबईस गाडी धावू लागली. वसईस १९७१ मध्ये वर्तक महाविद्यालय निघेपर्यंत या पट्ट्यातील वाडवळ, सामवेदी व ख्रिस्ती कुटुंबांतील मुलांना पदवीसाठी मुख्यतः मुंबई व तिची उपनगरे यांकडेच पाहावे लागे. शिक्षण मुंबईचे, बिऱ्हाड वाडीतले. गणती अर्थातच वसईच्या खात्यावर.

१९८२ च्या गिरणी संपानंतर चित्र पालटले. गिरणगावातील चाळी सोडून आलेली कुटुंबे, त्यांत कोकणातील पुष्कळ, आणि पुढे उत्तर भारतातून आलेली माणसे येथे स्थिरावली. २००१ च्या गणनेत नालासोपाऱ्याची लोकसंख्या १,८४,६६४ होती. २००९ साली महानगरपालिका झाली आणि २०११ च्या गणनेत हे गाव वसई-विरारच्या १२ लाखांहून अधिक वस्तीत मिसळून गेले. दोन्ही गणनांची सरळ तुलना त्यामुळे दुरापास्त झाली.

याहून सूक्ष्म अडचण वर्गीकरणाची आहे. चौथ्या वर्षी आईबापांबरोबर आलेली आणि सारे शिक्षण येथेच घेतलेली मुलगी जन्मस्थानामुळे ‘स्थलांतरित’ ठरते. उलट येथे जन्मून मुंबईत शिकलेला तरुण ‘स्थानिक’ गणला जातो. म्हणजे स्थानिक महाविद्यालयाचे श्रेय स्थलांतराच्या पदरात पडते आणि मुंबईचे श्रेय स्थानिकांच्या. ‘येथे पदवीधर पुष्कळ, तेव्हा महाविद्यालये पुरेशी’ असा निष्कर्ष यातून काढला गेला, तर त्याचा भार पहाटेच्या गाडीत उभ्याने जाणाऱ्या विद्यार्थ्यावर पडतो.

यावर साधन आहे, ते मात्र दुर्लक्षित. शाळा सोडल्याच्या दाखल्यावर जन्मस्थान, मातृभाषा आणि पूर्वीची शाळा या तिन्ही नोंदी असतात, आणि महाविद्यालयीन प्रवेशाच्या वेळी तो सादर करावा लागतो. घरी कादोडी, मालवणी वा भोजपुरी बोलणारी मुले कोणत्या शाळांतून पदवीपर्यंत पोचली, याचा माग या दाखल्यांवरून वर्षवार काढता येईल.